दुसरी उष्ण फेरी

आवाज

"मला आवाज नको," परचुरे म्हणाले. "बाकी सगळं तुमच्यावर सोडलं. पण ब्रेक दाबला की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं जे किंचाळतं ना, ते या वयात सोसत नाही."

ऋजुता भोईटेनं मान हलवली आणि टेबलावर ब्रेकचे तीन पॅड मांडले. कराडजवळ तासवड्याच्या औद्योगिक वसाहतीत तिची शेड होती. इथे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकानं आधी हे तीन जुने प्रकार हातात घ्यायचे, मग चौथा मागायचा, अशी तिनं रीतच पाडली होती.

परचुऱ्यांनी पहिला पॅड उचलला, अंगठ्यानं दाबून पाहिला, नाकाशी नेला. पायरी आंबा निवडावा तसा.

"ऑरगॅनिक. राळ, रबर, थोडे तंतू. गरीब गाय. थंड असताना गुणी, तापली की बसकण मारते." दुसरा उचलला. "सेमीमेटॅलिक. लोखंडाचा कीस. तापेल तसा खुलतो, पण आवाज म्हणजे लग्नातला बँड. वर डिस्क खातो ते वेगळंच." तिसरा त्यांनी उचललाही नाही, नुसतं बोट लावलं. "सिरॅमिक. बंगल्यातली सून. धूळ नाही, गडबड नाही, पण थंडीतल्या पहिल्या दाबाला जांभई देणार. उभी हयात घातलीय मी यात, बाई."

"दिसतंय."

"हो, नाव सांगायचं राहिलंच. उदयन परचुरे. वज्रगती मोटर्सच्या ब्रेक विभागाचा प्रमुख होतो. चाक फिरवून ब्रेक जोखणारा तो तुमचा डायनो आहे ना, त्यावर तुम्ही जी सरकारी चाचणी लावता, तिचे नियम लिहिणाऱ्या समितीचा अध्यक्ष मीच."

नाव सांगायची गरज नव्हती. शेडच्या दारात तो गाडीतून उतरला तेव्हाच तिनं त्याला ओळखलं होतं. मनात ती त्याला वर्षानुवर्षं अरेतुरे करत आली होती. तोंडावर म्हणाली, "बसा ना, सर."

त्यानं तिला ओळखलं नाही. चौकशीच्या वेळी ती शेवटच्या रांगेत आईशेजारी बसली होती, आणि तो सगळा वेळ पुढेच बघत होता.

"मला चौथा हवा," परचुरे म्हणाले. "वळणी. तुमच्याइतकं चांगलं वळण लावणारं दुसरं कुणी नाही म्हणतात. हेळवाकला घर बांधलंय आम्ही, घाटाच्या डोक्यावर. शनिवारी चिपळूणला मासळीला उतरतो. गाडी आपलीच, वज्रगतीची जुनी चंडोल. घरी चार्ज होते, म्हणजे निघताना बॅटरी काठोकाठ. आता त्याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको."

नकोच होता सांगायला. विजेची गाडी उतारावर ब्रेकनं थांबत नाही, मोटरनं थांबते. मोटर उलटी राबते, वीज करते, ती वीज बॅटरीत जाते आणि त्या राबण्याचा भार गाडीला मागे ओढून धरतो. पण बॅटरी आधीच भरलेली असेल तर? भरल्या हंड्यात पाणी ओतता येत नाही. मोटर हात वर करते. मग आख्ख्या गाडीचा, आख्ख्या घाटाचा भार तळहाताएवढ्या पॅडांवर.

"कुठल्या रस्त्याचं वळण लावू?"

"कुंभार्लीचंच. दुसरीकडे मी जातो कुठे?"

वरंधा, पसरणी, आंबोली, ऋजुता सगळ्या घाटांची कामं घ्यायची. कुंभार्लीचं काम तिनं आजवर कुणाचंच घेतलं नव्हतं.

"लावते," ती म्हणाली.


धूळ

ऑरगॅनिकची धूळ तपकिरी, फुंकरीनं उडणारी. सेमीमेटॅलिकची काळी, चिकट, धुतली तरी चाकाला धरून बसणारी. सिरॅमिकची फिकट, असून नसल्यासारखी.

ऋजुताच्या थोरल्या बहिणीच्या, तनूताईच्या, गाडीच्या चाकांवर धूळच नव्हती.

दरीतून वर काढलेली ती चंडोल पाहिली तेव्हा ऋजुता नुकती शिकून बाहेर पडली होती. चाकावरून बोट फिरवलं, बोट जवळजवळ स्वच्छ राहिलं. घाट उतरून आलेल्या गाडीच्या चाकांवर धूळ नाही, म्हणजे तापल्यावर पॅड घासलेच गेले नाहीत. आणि पॅड काढून पाहिले तर त्यांना काचेसारखी चकाकी. अती तापून ते वितळले होते, वर थिजले होते, आणि डिस्कवरून नुसते घसरत होते. ती हे चौकशीत शेवटच्या रांगेतून उभं राहून बोलली. समोरच्यांनी ऐकून घेतलं, कुणीतरी पाणी मागवलं.

तनुजा काटकर. कराडहून चिपळूणला निघालेली. घाटमाथ्यावर चहाला थांबली, तिथे चार्जिंग फुकट होतं, चहा होईपर्यंत गाडी लावून ठेवली. बॅटरी भरली. खाली उतरायला लागली.

तिच्या गाडीत ऑरगॅनिक पॅड होते. विजेच्या गाडीत पॅडला काम ते कितीसं, म्हणून कंपनीनं हलके घातले होते. सरकारी चाचणीत ते उत्तम उतरले होते. त्या चाचणीत एक उष्ण फेरी होती: पॅड तापवा, दाबा, पकड मोजा, थंड होऊ द्या. मूळ मसुद्यात आणखी एक होती. थंड होऊ न देता, तापलेल्यावर पुन्हा तापवून दाबायची. पहिल्या फेरीत राळेतून वायू सुटतो. दुसरीत तो पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये पापुद्र्यासारखा अडकतो, आणि पाय दगडावर ठेवल्यासारखा घट्ट लागला तरी गाडी थांबत नाही. ही दुसरी उष्ण फेरी परचुऱ्यांनी काढून टाकली. "अशी वेळ सहसा येत नाही," हे त्यांचं कारण.

आणि चौकशीनंतर परचुऱ्यांनीच लिहिलेल्या अहवालातलं वाक्य ऋजुताला परवचेसारखं पाठ होतं. पॅडमध्ये दोष आढळला नाही. वेग कमी झाला नाही. त्या अर्थी ब्रेकऐवजी दुसऱ्याच पेडलवर पाय पडला असावा. चालकाची चूक.

चालकाला अहवालात नाव नव्हतं. गावात होतं. "बायकांच्या हातात घाट द्यायचा म्हणजे," असं म्हणून गावानं वाक्य अर्ध्यात सोडलं आणि बाकीचं डोळ्यांनी पूर्ण केलं. तेराव्याला, पानं वाढलेली असताना, खुद्द दाजी, तनूताईचे यजमान जयवंत काटकर, सगळ्यांसमोर म्हणाले, "मी म्हणत हुतो तिला, घाटात मला चालवू दे."

ऋजुताला गाडी तनूताईनंच शिकवली होती. त्याच घाटात.


झीज

दाजी आता तिच्याच शेडमध्ये काम करायचे. चाकं उतरवायची, पॅड बसवायचे. दोघं एका डब्यातलं जेवायची. ते वाक्य दोघांच्या मध्ये ठेवलेलं असायचं, लोणच्याच्या बरणीसारखं. कुणी झाकण उघडत नव्हतं.


उष्णता

वळणी पॅड बाजारात आले आणि जुन्या तिघांचं भांडण मिटलं. ऑरगॅनिकचा मऊपणा, सेमीमेटॅलिकची तापल्यावरची पकड, सिरॅमिकची शांतता, सगळं एकाच वडीत. त्यातली खुबी म्हणजे राळेत मिसळलेले मिश्रधातूचे कण. डोळ्यांना न दिसणारे, उष्णतेनं उमलणारे आणि मिटणारे. कण उमलला की डिस्कला धरतो, मिटला की सोडतो. नवा पॅड मात्र काही शिकलेला नसतो. त्याला घाटात घेऊन जायचं, वेगवेगळ्या तापमानाला दाबायचं. ज्या तापमानाला पाय पडला तिथे उमलायचं, हे कण शिकतात. परत आणून भट्टीत एकदा भाजलं की शिकलेलं कायमचं. याला वळण लावणं म्हणत, आणि ते यंत्राला जमत नसे. यंत्र एकसारखं दाबतं. माणसाचा पाय कचरतो, सावरतो, पुढचा रस्ता बघून आधीच हलका होतो.

आणि दाबायच्या वेळी पाय उचलला तर? तर कण तेही शिकतात. त्या तापमानाला मिटायचं.

"परचुऱ्याचे पॅड?" दाजींच्या हातातला पाना तसाच राहिला. "त्योच?"

"तोच."

"आन् तू काम घेतलंस."

"घेतलं. त्याची सरकारी चाचणी एका तापमानापर्यंत जाते, त्याच्या वर जात नाही. तिथवर मी असं वळण लावीन की डायनोनं ओवाळावं. त्याच्या वरचं सगळं बंद. शेवटच्या उतारावर पॅड त्याच्या वर जातील आणि कायमचे सोडतील. गाडी खाली जाईल. चौकशी होईल. चौकशीत पॅड थंड असतील, चाचणी त्याचीच लावतील, आणि पॅड पास होतील." ती हे इतक्या सहज बोलली की तिचं तिलाच कळलं, हे वाक्य नवं नाही. वर्षानुवर्षं घोटून ठेवलेलं आहे.

दाजी खाली बसले. पान्यावरचं ग्रीस पुसायला लागले.

"आन् मग अहवालात काय लिवतील गं?"

"काय म्हणजे?"

"पॅड चांगलं निघालं. परचुरे मेला. मग लिवतील काय?"

ऋजुतानं टेबलावरचे पॅड गोळा करायला घेतले.

"चालकाची चूक," दाजी म्हणाले. "आगं, तू त्याला मारशील, आन् त्याचंच वाक्य दुसऱ्यांदा खरं करशील. तनूच्या नावावर अजून एक शिक्का. मेलेला मानूस सांगाया येतोय व्हय, की म्या दाबला हुता म्हणून? तनू आली का?"

त्यांनी तिचं नाव शेडमध्ये पहिल्यांदाच घेतलं. ऋजुताला राग आला, आणि राग कुणाचा ते तिला ठरवता येईना.

"तेराव्याला हे नाही सुचलं तुम्हाला," ती म्हणाली.

बरणीचं झाकण उघडलं.

"न्हाय सुचलं," दाजी म्हणाले. "त्येच म्हणतोय."


उष्णता

सकाळी घाटात धुकं नव्हतं. शेडची स्वतःची एक जुनी चंडोल होती, खास वळण लावण्यासाठी ठेवलेली. तिला परचुऱ्यांचे पॅड लावले. घाटमाथ्यावर बॅटरी काठोकाठ भरली. दाजी शेजारी बसायला आले, तिनं नको म्हटलं, ते बसले.

वरची वळणं तिनं नेटकी घेतली. दाबायचं, सोडायचं, श्वास घ्यायचा, दाबायचं. पॅडच्या पाठीला चिकटवलेला तापमापक समोरच्या पडद्यावर आकडे चढवत होता. पॅड गुणी होते. प्रत्येक दाबाला विद्यार्थी मान हलवतो तशी गाडी किंचित वाकायची. एवढं सुंदर वळण तिनं कधीच कुणाच्या पॅडला लावलं नव्हतं, आणि हे तिला आवडलं नाही.

आकडा सरकारी चाचणीच्या मर्यादेवर गेला.

पुढे ते वळण. कठडा नवा होता, जुन्याहून पांढरा. डाव्या हाताला, वळणाच्या अलीकडे, ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी डोंगरात चढत नेलेला वाळूचा फाटा. तोही नवा. तनूताईच्या वेळी नव्हता.

आता पाय उचलायचा. कण इथे मिटायला शिकले पाहिजेत.

"ऋजू," दाजी म्हणाले.

तिनं पाय उचलला.

गाडी सुटली.

कठडा मोठा.

आवाज नाही, वास नाही, नुसती गाडी पुढे. मोठा, आणखी मोठा, चुना लावलेला, त्यावर कुणीतरी बदाम काढलेला, बदामात दोन अक्षरं, आणि हे तिनंही पाहिलं असेल, ताईनं, हेच, नाही, तेव्हा हा कठडा नव्हता, तिनं नुसतं आकाश पाहिलं असेल, आणि पाय तिचा खाली होता, पूर्ण खाली, माझा वर आहे, मी उचलून धरलाय, तिनं

आकडा थोडा उतरला. घासत नाही तो पॅड थंड होतो.

कायमचं सोडणारं वळण हवं असेल तर पाय अजून वरच ठेवायचा होता, आणि शेवटी वाळूत शिरायचं होतं. तिनं तसंच ठरवलेलं होतं.

तिनं दाबला.

गाडी थांबली ती कठड्याला हात लागेल इतक्यावर. दाजी खिडकीबाहेर ओकत होते. ऋजुतानं पाय पेडलवर तसाच दाबून ठेवला आणि पडद्यावरचा आकडा वाचला.

पॅड काय शिकले ते तिला कळलं होतं. उष्णतेचा एक पातळ काप, एवढाच त्यांच्यासाठी मिटलेला. त्याच्या खाली पकड, तिथे पोचताच सुटका, आणि सुटल्यावर थोडं निवलं की पुन्हा पकड. एखाद्यानं कुणाला कड्यावरून बाहेर धरावं, बोटं सैल करावीत, आणि मग मनगट पकडावं.

"जिता राहील," ती म्हणाली. "आणि आपण दाबला होता, हे त्याला माहीत असेल."

परत येऊन तिनं पॅड भट्टीत भाजले.


आवाज

आला नाही. परचुऱ्यांनी मागितला होता तसाच शांत पॅड त्यांना मिळाला. फोन करून त्यांनी आभार मानले. म्हणाले, "लोण्यासारखं काम, बाई."

तो शनिवार ढगाळ होता आणि डोंगर गार; पॅड त्या कापापर्यंत तापलेच नाहीत. पुढचा लख्ख उन्हाचा निघाला.


वास

ते दोघं टोईंगच्या गाडीतून आले. मागे साखळ्यांनी बांधलेली चंडोल, तिच्या नाकपुड्यांत वाळू. परचुरे आधी उतरले. मागून त्यांच्या पत्नी, सुलभाकाकू. काकूंच्या मनगटाला बँडेज होतं आणि हात गळ्यात.

गाडीत त्याही असतील हे ऋजुताच्या डोक्यातच आलं नव्हतं. मासळी माणूस एकटा का आणायला जाईल? इतकी साधी गोष्ट. तिनं घाईघाईनं खुर्ची पुढे केली, खुर्चीवरचा कपडा उचलला, तो कुठे ठेवावा ते तिला सुचेना.

"पोलिसांनी लायसन्स जमा करून घेतलं यांचं," काकू बसता बसता म्हणाल्या. "म्हणे मान्यता असलेल्या ठिकाणी ब्रेक तपासून आणा. ब्रेकमध्ये दोष निघाला तर ठीक, नाहीतर तुमची चूक. मी म्हटलं तपासायचं काय त्यात? मी शेजारीच होते. वळण आलं, हे आपले स्टिअरिंगला चिकटून. म्हटलं अहो दाबा, दाबा! तर म्हणे दाबलाय."

"दाबला होता, सुलभा."

"दाबला होता तर गाडी धावत का होती? नशीब म्हणून वाळूत शिरलो. डॉक्टर केव्हापासून सांगतायत, पायाला मुंग्या येतात तर गाडी सोडा. ऐकतील तर शपथ! दुसऱ्याच पेडलवर पाय दिला यांनी, ताई, मी सांगते."

परचुरे ऋजुताकडे बघून बोलले. त्यांना बायकोपेक्षा तिला पटवायचं होतं, कारण ती धंद्यातली होती. "पेडल घट्ट होतं. दगडावर पाय ठेवल्यासारखं. खाली जात नव्हतं, पण गाडी सुटलेली. एक क्षण. मग वाळूच्या तोंडाशी एकदम पकडलं. तुम्हीच सांगा, असं होतं ना? तापल्यावर होतं असं."

"चाचणी लावते," ऋजुता म्हणाली.

शेडच्या मध्यावर डायनो उभा होता. एक अवजड पोलादी चाक, त्याला जोडलेली डिस्क, डिस्कला धरणारे पॅड, आणि वर पकड दाखवणारी जुन्या पद्धतीची काट्याची तबकडी. बाजूला तिनं एक खरी खुर्ची आणि खरं पेडल बसवलं होतं, गिऱ्हाइकांना पायानं जोखून बघता यावं म्हणून. दाजींनी पॅड चढवले. चाक घुमायला लागलं. सरकारी चाचणी नेहमीसारखी झाली: थंड दाब, कोमट दाब, एक उष्ण फेरी, पंखा. काटा दर वेळी झोकात वर जाऊन उभा राहिला.

"पॅडमध्ये दोष आढळला नाही," ऋजुता म्हणाली. तिला वाटलं होतं आवाज कापेल. कापला नाही. "वेग कमी झाला नाही. त्या अर्थी ब्रेकऐवजी दुसऱ्याच पेडलवर पाय पडला असावा."

"बघा!" काकू म्हणाल्या.

परचुरे मात्र आपलंच हस्ताक्षर परक्या भिंतीवर दिसावं तसे थबकले.

"हे वाक्य—"

"तुमचंच आहे, सर."

ते उठले. डायनोतून एक पॅड काढून घेतला, रुमालात धरला, उजेडाकडे तिरपा केला. मग नाकाशी नेला. आंबा निवडणारं ते नाक. बराच वेळ त्यांनी तो हुंगला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू म्हातारा झाला.

"हे चुकून झालेलं नाही," ते हलकेच म्हणाले. "इतका पातळ काप. हे कुणीतरी पायानं कोरलंय."

"सिद्ध करा."

"सोपं आहे. थंड न करता पुन्हा तापवायचं आणि—" ते थांबले.

"ती फेरी तुमच्या चाचणीत नाही," ऋजुता म्हणाली. "अशी वेळ सहसा येत नाही."

"तुम्ही कोण?"

"तनुजा काटकरची धाकटी बहीण."

त्यांनी डोळे बारीक केले. "चंडोल," ते म्हणाले. "चांदीच्या रंगाची. घाटमाथ्यावर चार्ज केलेली."

गाडी आठवली. बाई आठवली नाही.


पकड

काकू एकदा नवऱ्याकडे, एकदा ऋजुताकडे बघत होत्या. "कोण तनुजा? अहो, कसली फेरी?"

ऋजुता परचुऱ्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. या क्षणाची उजळणी तिनं इतक्या वेळा केली होती की आता शब्द आपोआप आले.

"दुसरी उष्ण फेरी लावू, सर? लावली तर काटा पडेल, सगळ्यांना दिसेल. मी काय केलं तेही दिसेल. मला बेड्या पडतील, पडू देत. तुमचं लायसन्स परत मिळेल. काकूंना कळेल की तुम्ही दाबला होता. आणि हेही कळेल की तुमच्या चाचणीत पास झालेला पॅड घाटात सोडून देऊ शकतो, म्हणजे तुमच्या त्या अहवालाला काडीची किंमत नाही. फक्त तुम्ही म्हणायचं. लावा म्हणा. तुम्ही म्हटल्याशिवाय मी लावणार नाही."

"अहो, लावा म्हणा ना!" काकू म्हणाल्या. "खरंच दाबला असेल तर घाबरता कशाला?"

परचुऱ्यांनी पॅड पुन्हा डायनोत ठेवला, नीट, कड जुळवून, सवयीनं. रुमालाची घडी केली. घडीवर घडी केली.

"नको," ते म्हणाले. "माझाच पाय चुकला असेल, सुलभा. वय झालंय."

काकूंचा जिंकलेला चेहरा क्षणभरच टिकला. कारण नवऱ्याकडे बघताना त्यांना दिसलं की तो खोटं बोलतोय. आणि इतक्या वर्षांत त्यांनी त्याला कधीच स्वतःच्या विरुद्ध खोटं बोलताना पाहिलं नव्हतं.

ऋजुताला काय काय सुचलं होतं. तो रडेल, ओरडेल, पोलिसांना फोन लावेल, पाया पडेल. हे सुचलं नव्हतं. तिनं कड्याबाहेर धरलेला माणूस तिच्याकडे शांतपणे बघत होता आणि तीच चूक, तिच्या बहिणीची, सदऱ्यासारखी अंगात घालून दाराकडे निघाला होता. त्याला ती होतही होती. त्याचं काहीच जाणार नव्हतं, एक लायसन्स सोडून. सूड हातात आला होता आणि त्याला पकड नव्हती.

मागे चाक घुमायला लागलं.

दाजी डायनोच्या खुर्चीत बसले होते. सरकारी चाचणी आपोआप चालवणारं खोकं त्यांनी बंद केलं होतं, पंखा बंद केला होता, आणि पाय पेडलवर ठेवला होता. इतक्या वर्षांत ते त्या खुर्चीत कधी बसले नव्हते. पहिला दाब. डिस्क काळसर, मग तांबूस. काटा वर गेला, उभा राहिला.

"काटकर, थांबा," परचुरे म्हणाले. चौकशीतला चेहरा आणि आडनाव आता लगेच आठवलं.

दाजींनी पाय सैल सोडला, पण पंखा लावला नाही. चाकाला पुन्हा वेग आला. तापलेल्या राळेचा वास शेडभर पसरला, गूळ करपल्यासारखा. डिस्कचा रंग तांबड्यावरून केशरी होत गेला आणि काकू खुर्चीतून उठल्या, मनगट छातीशी धरून तबकडीजवळ आल्या.

दाजींनी दुसऱ्यांदा दाबला.

काटा पडला.

सरळ पडला, शून्यावर. चाक घुमतच राहिलं. खुर्चीखाली दाजींचा पाय सगळ्यांना दिसत होता, गुडघा ताठ, पोटरीची शीर फुगलेली, टाच उचललेली. पेडल आणखी खाली जायला जागा नव्हती.

काकूंनी पायाकडे पाहिलं. काट्याकडे पाहिलं. मग सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"दाबलाय," दाजी म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते ऋजुताशी बोलत नव्हते, परचुऱ्यांशीही नाही. घुमणाऱ्या चाकाकडे बघत, भरलेल्या पंगतीला सांगावं तसे मोठ्यानं, पुन्हा म्हणाले, "दाबलाय तिनं. पूर्ण दाबलाय."